कांदा सडतो चाळीत, बिघडतो शेतात

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘कांदा: शेत ते ग्राहक’. असा विषय निघाला की सभागृहात पहिलं नाव येतं व्यापाऱ्याचं. त्याच्याकडे येऊच, वेळ उरला तर. आधी माझी जुनी तक्रार ऐका. चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, कांदा सडला म्हणून आपण ओरडतो, पण तो सडणार हे चाळ भरण्याच्या कितीतरी आधी, शेतातच ठरलेलं असतं.

उन्हाळ कांद्याला लागवडीनंतर 60 दिवसांपुढे युरिया द्यायचा नाही. तरी देतात, कारण शेजाऱ्याची पात जास्त हिरवी दिसते. (हसताय, म्हणजे दिलाय.) त्या युरियातल्या नत्रानं कांद्याची मान, म्हणजे जिथे पात जोडलेली असते ती जागा, जाड होते, जाड मान लवकर सुकत नाही, आणि ओल्या मानेतूनच बुरशी आत शिरते. दुसरं पाणी. काढणीच्या साधारण 15 दिवस आधी ते तोडायला हवं. पण वजन भरावं म्हणून एक पाणी जास्तीचं जातंच. त्या पाण्याचं वजन चाळीत टिकत नाही, सड मात्र मागे ठेवून जातं.

निम्म्या माना पडल्या की काढणी. उपटलेला कांदा 3 ते 5 दिवस शेतातच ठेवायचा, पण एका ओळीचा कांदा दुसरीच्या पातीखाली झाकला जाईल असा. उघडा राहिला तर उन्हाचा चट्टा पडतो. पात कापताना 3-4 सेंटिमीटर मान राखायची. कापणी उक्ती, म्हणजे ठरावीक रकमेच्या ठेक्यानं, दिलेली असते, विळा घाईत चालतो आणि मान पार कांद्याला घासून उडते. उरतं ते उघडं तोंड. उक्त्यात वाचलेले पैसे ऑगस्टमध्ये उकिरड्यावर जातात. पुढे 10-12 दिवस सावलीत सुकवणं. ढग दिसले की नेमके हेच दिवस कापले जातात. जोड कांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), चिंगळी (अगदी बारीक कांदे), खरचटलेला माल चाळीत घालूच नका, लगेच विका.

चाळीचं थोडक्यात. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, खालून हवा खेळती. पाखीची, म्हणजे कांदा भरायच्या एका कप्प्याची, रुंदी 4 फूट, ढीग 4 ते 5 फूट. आपण ढीग छताला टेकवतो आणि मग बियाण्याला शिव्या घालतो. पावसाळ्यात बाजूनं प्लास्टिक गच्च बांधलं की आत दमट भट्टी तयार. पावसाची झड येईल तेवढीच बाजू झाका, उघडीप मिळाली की सोडा.

आता कुणीतरी म्हणेल, लासलगावला विकिरण केंद्र आहे की! आहे. पण किरणांनी कोंब थांबतो. सड थांबत नाही, वजनातली घटही नाही.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मग हिशेब भरभर करू. एप्रिलमध्ये 1,000 रुपये क्विंटलनं न विकलेल्या कांद्यात 30 टक्के घट आली, तर सप्टेंबरात 1,430 मिळाले तेव्हा कुठे बरोबरी. व्याज आणि मजुरी वेगळी. घट 40 टक्के असेल तर 1,670 लागतात. ही तफावत दलालाच्या आडतीपेक्षा, म्हणजे कमिशनपेक्षा, मोठी आहे, म्हणून आधी शेतावर बोललो.

धोरणाबद्दल दोनच वाक्यं. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात थेट बंदी, ती उठली मे 2024 मध्ये. नीट सुकवून, थांबून विकणाऱ्यालाच असा फटका बसला, तर पुढच्या हंगामात सावलीत कांदा सुकवत बसणार कोण?

आणि व्यापारी, राहिलाच! लिलाव, व्यापाऱ्याच्या खळ्यावर (मोकळ्या आवारात) निवड, गोणी, ट्रक, शहरातली बाजारपेठ, किरकोळ दुकान. दर चढउतारीला कांदा आपटतो. गोणी लहान केली तर हमाल ती हातानं उचलेल, फेकणार नाही. 50 किलोच्या गोणीला हूक लागतोच. मग तिच्यावर ‘हूक मारू नये’ असं कितीही ठळक छापा. ते वाचायला गोणी हुकानंच फिरवावी लागते.