वाफसा आणि वही

(मे महिन्यात लातूर जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘गावातलं शेती केंद्र कसं चालवावं’. त्यावर येतोच. पण मागच्या रांगेतल्या पोरांनो, आधी एक सांगा, आपल्या काळ्या रानात वाफसा, म्हणजे माती ओली पण पेरता येईल अशी, किती दिवस टिकतो? बरोबर. दोन दिवस, फार तर तीन. पाऊस उघडला की पहिल्या दिवशी पाय रुततो आणि चौथ्या दिवशी ढेकूळ निघतं. मधल्या दिवसांत ज्याचं पेरून झालं, त्याचं साल लागलं. माझं सगळं म्हणणं या दोन-तीन दिवसांभोवती फिरतं. त्या दिवसांत जे बांधावर अवजार आणि खात्रीचं बी पोचवतं, त्यालाच मी केंद्र म्हणतो.

हे मला कळलं २०२० च्या जूनमध्ये. इथल्या अर्ध्या लोकांना तो जून आठवत असेल. आदल्या वर्षी परतीच्या पावसानं सोयाबीनच्या गंजी भिजवल्या होत्या. त्यातलंच बी बाजारात आलं. मृगात पाऊस झकास झाला, सगळ्यांनी पेरलं, आणि आठ दिवसांनी रान पाहावं तर ओळीच्या ओळी मोकळ्या. माती उकरली की कुजलेला दाणा हाताला लागायचा. मराठवाडाभर हजारो तक्रारी झाल्या. मीही केली. पंचनाम्याला माणूस आला तोवर शेजारचं दुबार पेरलेलं सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. त्यानं रान पाहिलं, सही घेतली, गेला. पुढचं मला आजतागायत कळलेलं नाही.

आता आमच्याच गल्लीतली एक आजी. जमीन अडीच एकर, मुलगा पुण्याला. तिनं मे महिन्यात घरच्या बियाचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर मांडले होते, दहा-दहाच्या दहा ओळी. वरून दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत, सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका. सातव्या दिवशी उघडून मोजले. एकोणऐंशी उगवले होते. तिनं निवांत पेरलं आणि तिचं रान भरून आलं. मी तिला विचारलं, “आजी, हे शिकवलं कुणी?” म्हणाली, “सासूनं. ती हायब्रीड ज्वारीचं बघायची, मी सोयाबीनचं बघते.”

मी कृषी पदविका घेतलेला माणूस. उगवण चाचणी मला परीक्षेत पाच मार्कांना आली होती. सत्तर टक्के उगवण असेल तर एकरी तीस किलो बी, त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे साठ टक्के निघाली तर पस्तीस किलो. सगळं पाठ होतं. सोयाबीन स्वपरागीत आहे, सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं, टरफल पातळ असतं म्हणून पोतं आदळायचं नाही, हेही पाठ. आणि मी बंद पिशवीतलं बी तपासल्याशिवाय पेरलं होतं. माहिती माझ्याकडे होती. मे महिन्यात दारात येऊन “शंभर दाणे काढा” म्हणणारं कुणी नव्हतं.

या देशात असं सांगणारं माणूस पाठवायचा विचार जुना आहे. पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुद्दुचेरीला निघालं, आणि आज आपल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात ते आहे. तिथली माणसं चांगली आहेत, मी त्यांच्याकडूनच शिकलो. पण जिल्ह्याला एक केंद्र आणि गावं शेकड्यांनी. आपल्या गावात ‘केंद्र’ म्हटलं की कोणतं आठवतं? कृषी सेवा केंद्र! म्हणजे दुकान. बाई पिकाचं पान मुठीत धरून जाते आणि तीन बाटल्या घेऊन येते, त्यातली एक टॉनिकची. दुकानदाराला मी वाईट म्हणत नाही. उधारी तोच देतो, रात्री आठला दार तोच उघडतो. पण ज्याला विकायचंय त्यालाच रोग ओळखायला सांगणं हा आपला दोष आहे. गावच्या केंद्रानं औषधाची एकही बाटली विकू नये, यावर मी फार ठाम आहे.

जमिनीचंही ऐका. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी खातं, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, ४.२८ हेक्टरचं होतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत ते १.३४ वर आलं. म्हणजे साडेतीन एकराच्याही आत. एवढ्यावर बैलजोडी बाराही महिने कोण पोसणार? बैलानं पेरायच्या तिफणी माळवदावर गेल्या. सगळी पेरणी आता ट्रॅक्टरवर, आणि वाफशाच्या दिवशी ट्रॅक्टर कुणाकडे आधी जातो? ज्याचं रान वीस एकर आणि रस्त्याला लागून आहे त्याच्याकडे. ड्रायव्हरचंही खरं आहे. अर्ध्या एकरात वळण्यातच वेळ जातो, डिझेल जळतं. मग लहान माणसाची पाळी चौथ्या दिवशी. त्याच्या रानात बी आणि ओल यांची गाठच पडत नाही, आणि लोक म्हणतात त्याला शेती जमत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. छापलेल्या विषयाचं आता भरभर सांगतो, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

२०१४-१५ पासून यांत्रिकीकरणाच्या योजनेत अवजार बँकेला, म्हणजे अवजारं भाड्यानं देणाऱ्या गटाला, अनुदान आहे. आमच्या गटानं त्यातून रुंद वरंबा सरीचं, म्हणजे उंच पट्ट्यावर पेरून बाजूला सरी पाडणारं, पेरणी यंत्र घेतलं. पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं, कमी झाला तर तिथंच मुरतं. पण यंत्रापेक्षा मोठी वस्तू म्हणजे वही. मे महिन्यात नावं घ्यायची, गट नंबराप्रमाणे नाही, पाणंदीप्रमाणे, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटेप्रमाणे. एका पाणंदीवरचे सहा-सात लहान शेतकरी एकत्र बांधले की ड्रायव्हरला सलग दहा एकर मिळतात आणि तो कुरकुरत नाही. त्यांची पाळी पहिली. मोठ्या रानांची त्यानंतर. पहिल्या वर्षी यावरून भांडणं झाली. वही पारावर उघडी ठेवली, तशी थांबली.

भाडं अर्धं पेरताना, अर्धं माल विकल्यावर. दुरुस्तीचा पैसा वेगळा काढायचा, नाहीतर तिसऱ्या वर्षी यंत्र गंजून पडतं. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक लावायचा, कारण हवामान केंद्र महसूल मंडळाला एक आणि आपला पाऊस ओढ्याच्या अल्याड-पल्याड वेगळा. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर झाल्याशिवाय वहीतली पहिली पाळी सोडायची नाही. माती तपासायची तर उन्हाळ्यातच नमुना काढायचा, वीतभर खड्डा इंग्रजी व्हीसारखा, झाडाखालची, उकिरड्याजवळची आणि बांधालगतची माती टाळून. अहवाल पेरणीआधी हातात पडला तरच खताची मात्रा बदलता येते. माझा एकदा मळणी होऊन रास झाल्यावर आला होता. वही लिहिणारी व्यक्ती गावातच राहणारी हवी. आमच्याकडे बचत गटातली बारावी झालेली सून लिहिते आणि तिला त्याचं मानधन मिळतं. फुकट काम सांगितलं की दुसऱ्या हंगामात वही बंद पडते.

बाकीचं प्रश्नोत्तरात. आज तारीख बावीस, मृगाला पंधरा-सोळा दिवस आहेत. दाराशी धुतलेल्या गोणपाटाचे चाळीस तुकडे ठेवलेत. जाताना प्रत्येकानं दोन उचला, आज रात्रीच घरचे शंभर दाणे मांडा, आणि सातव्या दिवशी किती उगवले तो आकडा मला पारावर आणून सांगा. मी वही घेऊन बसलेला असेन.