मिशिगनचा कायदा: बंदूक घरात, पण कुलपात

नमस्कार. अमेरिकेतील बंदुकीच्या हिंसाचाराची चर्चा बहुधा बंदूक कोणाला विकावी, या प्रश्नाभोवती फिरते. मी मात्र आज विकत घेतलेली बंदूक घरात कशी ठेवली जाते, याविषयी बोलणार आहे, कारण मिशिगन राज्याने त्यासाठी कायदा केला आहे.

३० नोव्हेंबर २०२१ रोजी तेथील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळ्या झाडून चार विद्यार्थ्यांचा जीव घेतला. ते पिस्तूल त्याच्या वडिलांनी चारच दिवसांपूर्वी आणले होते. २०२४ मध्ये आईवडिलांवर स्वतंत्र खटले चालले, तेव्हा सरकारी पक्षाने केबल लॉक कसे बसवतात, हे न्यायालयात प्रत्यक्ष करून दाखवले. तार पिस्तुलातून ओवायची आणि टोकाला कुलूप लावायचे, बस्स. हे काम काही सेकंदांचे आहे, आणि तेवढ्यानेच हे वाचताना माझा जीव कासावीस झाला. दोघांनाही दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

ऑक्सफर्डनंतर मांडलेली विधेयके विधिमंडळात रखडली. २०२२ च्या निवडणुकीत विधिमंडळात सत्तांतर झाले, आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत तीन विद्यार्थी मारले गेले. त्या आवारात ऑक्सफर्डच्या गोळीबारातून वाचलेलीही काही मुले शिकत होती. एप्रिलमध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी कायद्यावर सही केली आणि त्या गोळीबारानंतर बरोबर वर्षाने, १३ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला.

घरात अल्पवयीन मूल असेल किंवा येण्याची शक्यता असेल, तर बंदुकीतील गोळ्या काढून तिला कुलूप लावणे अथवा ती कुलूपबंद पेटीत ठेवणे आता बंधनकारक आहे. हे न केल्यामुळे मुलाच्या हाती बंदूक लागून कोणाचा मृत्यू झाला, तर मालकाला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. धोकादायक व्यक्तीकडील बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची सोयही त्याच दिवशी लागू झाली.

पोलीस घरोघरी जाऊन कपाटे तपासणार नाहीत, हे खरेच. म्हणूनच ‘येण्याची शक्यता’ हे शब्द मला सर्वांत मोलाचे वाटतात, कारण त्यांत शेजारचे मूलही आले. डेट्रॉइट परिसरातील मराठी पालकांनो, मुलाला मित्राकडे खेळायला पाठवताना कुत्रा आहे का, हे आपण सहज विचारतो. तसेच बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का, हेही निःसंकोच विचारा. तुमच्याच घरी बंदूक असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करा. केबल लॉक अनेक ठिकाणी विनामूल्य मिळते.