भीमाची दोन बोटं : कथा बदलून वाचताना

नमस्कार श्रोतेहो.

बारावीच्या युवकभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, कथा हा साहित्यप्रकार अभ्यासाला आहे. त्यावर प्रश्न आला की मुलं झरझर लिहितात. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संघर्ष, संवाद, भाषा. प्रत्येकाखाली दोन-तीन ओळी, आणि गुणही बरे पडतात. पण ती उत्तरं तपासताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. 'लेखकाने वातावरण हुबेहूब उभे केले आहे' हे वाक्य कुठल्याही कथेखाली चालतं. कथा न वाचताही ते लिहिता येतं. मग त्या मुलानं त्या कथेत नेमकं पाहिलं काय?

आज मी याच घटकांबद्दल बोलणार आहे, पण एकाच कथेला धरून. पद्धत सोपी आहे. घटक ओळखला म्हणून थांबायचं नाही, तो मनातल्या मनात बदलून बघायचा. ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली असती तर? दुसऱ्या ठिकाणी घडली असती तर? शेवट महिनाभरानं आला असता तर? बदल केल्यावर कथेचं काय बिघडतं, ते पाहायचं. जे बिघडतं, तेच त्या घटकाचं काम.

कथा निवडली आहे आपल्याच मातीतल्या लेखकाची. अण्णा भाऊ साठे. जन्म 1920, वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. त्या वेळी हा भाग सातारा जिल्ह्यात होता. दक्षिण सातारा वेगळा झाला 1949 साली आणि त्याला सांगली हे नाव मिळालं 1960 मध्ये. म्हणजे सातारकर आणि सांगलीकर दोघांनीही हक्क सांगावा असा हा लेखक. कथेचं नाव 'स्मशानातील सोनं'. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती शाळा-कॉलेजात वाचली असेल. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

वारणेकाठच्या एका गावातला भीमा हा अंगानं दांडगा गडी. पोटासाठी बायको-मुलीला घेऊन मुंबईला जातो. शहरात काम मिळत नाही, उपनगरात दगडाच्या खाणीत मिळतं. काही महिन्यांनी खाण बंद पडते. हताश होऊन बसलेला असताना त्याला मढ्याच्या राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि जगायची वाट दिसते. तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेतंही उकरू लागतो. एका रात्री तो नव्या मढ्याच्या शोधात जातो. तिथं कोल्हे आलेले असतात. त्यांच्याशी त्याची भयंकर झुंज होते. ती जिंकल्यावर तो प्रेताच्या तोंडातलं सोनं काढायला जातो, तेव्हा जबडा मिटतो आणि दोन बोटं दातांत सापडतात. डॉक्टर ती बोटं कापतात. त्याच दिवशी बातमी येते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होणार आहे.

आता कथानक. नुसता घटनाक्रम म्हणजे कथानक नव्हे, हे शिक्षक सांगतात आणि मुलं ऐकून सोडून देतात. इथं त्याचा अर्थ लख्ख दिसतो. मी आत्ता गोष्ट सांगितली ती घडल्या क्रमानं. अण्णा भाऊंनी ती तशी सांगितलेली नाही. त्यांची कथा सुरू होते ती शेजारच्या गावात कुणी बडा माणूस मेल्याच्या बातमीनं, आणि त्या बातमीनं भीमाला आनंद होतो. खाण, मुंबई, वारणाकाठ हे सगळं नंतर, मागे वळून.

आता क्रम बदलून बघा. समजा कथा वारणेकाठून सुरू झाली असती. गरीब माणूस, परगाव, काम गेलं, लेकरू उपाशी. वाचकाला आधी कणव आली असती, आणि राख चाळण्यापर्यंत येताना त्यानं भीमाला आधीच माफ करून टाकलं असतं. अण्णा भाऊ ही सवलत देत नाहीत. पहिल्याच ओळींत परक्याच्या मरणानं खूश होणारा माणूस समोर उभा करतात. वाचक दचकतो, त्याच्याबद्दल वाईट मत करून घेतो. मग हळूहळू खाणीची हकीकत कळते आणि आपलं मत आपल्यालाच मागं घ्यावं लागतं. ही वाचकाच्या मनातली हालचाल क्रमामुळं होते. घटना त्याच, पण त्यांची मांडणी बदलली तर कथा साधी करुण कहाणी होऊन बसेल.

पात्रचित्रणाकडे येऊ. 'भीमा कष्टाळू, धाडसी व कुटुंबवत्सल आहे' असं लिहिलं की गाईडचं समाधान होतं. खरं आहे ते, पण अपुरं आहे. लेखकानं या माणसाला एवढी ताकद का दिली? तो किडकिडीत, आजारी असता तर? दया जास्तच आली असती. पण मग त्याला खाणीत काम मिळालं नसतं, कोल्ह्यांशी झुंज झाली नसती, आणि मुख्य म्हणजे एक प्रश्न विचारता आला नसता : अंगात इतकं बळ असलेल्या माणसालाही जगता का येऊ नये? दुबळ्या माणसाची उपासमार पाहून लोक नशिबाला बोल लावतात. भीमाच्या बाबतीत ती सोय नाही. त्याच्याकडं द्यायला भरपूर आहे, घेणारा नाही.

आणि आता ती दोन बोटं. कथेचा हा तपशील मी वर्गात सगळ्यात सावकाश शिकवतो. झुंजीत कोल्ह्यांनी त्याच्या पायाचा लचका तोडला असता तरी थरार तेवढाच राहिला असता. एखादा डोळा गेला असता तरी शिक्षा भयंकरच झाली असती. पण गेली ती बोटं. भीमाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. खाणीत दगड फोडायची सुतकी धरायची ती हातांनी, पहार चालवायची ती हातांनी, स्मशानातली राख चाळायची तीही हातांनीच. आणि सोन्यानं घेतली तीही बोटंच. म्हणून खाण सुरू होणार हे कळल्यावर हा डोंगरासारखा माणूस लहान पोरासारखा रडतो, तेव्हा ते केवळ वेदनेचं रडू राहत नाही. पहार धरायचं काम पुन्हा मिळणार आणि पहार धरणारा हात आता पूर्वीचा नाही. कथेचा आशय कुठल्या वाक्यात लिहिलेला नाही, तो या तपशिलात आहे. आशय शोधायचा तो अशा ठिकाणी, लेखकानं ढीगभर पर्यायांतून एकच का उचलला हे विचारून.

वातावरण हा घटक सर्वांत दुर्लक्षित. काळोख, जंगल, कोल्हेकुई, म्हणजे 'भीषण वातावरणनिर्मिती', संपलं. पण या कथेत वातावरण मागं पडद्यासारखं टांगलेलं नाही, ते घटना घडवतं. आपल्याकडं मृताच्या तोंडात सोनं ठेवण्याची रीत आहे. ही रीत काढून टाका. मग भीमाची बोटं प्रेताच्या तोंडात जाण्याचं कारणच उरत नाही, कथेचा कळसच उभा राहत नाही. एक जुनी रूढी, जी आपण घराघरात पाहिलेली असते, ती इथं कथानकाचं चाक फिरवते. शिवाय ती आणखी एक गोष्ट सांगते. काही घरांत मेलेल्या माणसालाही सोनं मिळतं, काही घरांत जिवंत माणसाला भाकरी मिळत नाही. लेखकाला हे वेगळं सांगावं लागलेलं नाही.

दुसरं म्हणजे वारणाकाठ. आज तिकडं ऊस, कारखाने, साखर दिसते. पण वाळवा, शिराळा, पलीकडं पाटण या पट्ट्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली. गिरणीत, गोदीत, हमालीत. स्वतः अण्णा भाऊ लहानपणी घरच्यांबरोबर वाटेगावहून मुंबईला पायी चालत गेले होते. हे माहीत असलं तर कथा जवळची वाटते. मात्र इथं एक सावधगिरी हवी. लेखकाचं चरित्र सांगून कथेचं विश्लेषण झालं असं होत नाही. अनेक विद्यार्थी पान-दीड पान लेखकपरिचय लिहितात आणि कथेला शेवटच्या चार ओळी उरतात. चरित्रानं दार उघडतं, आत शिरून पाहायचं काम आपलंच असतं.

निवेदनाबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण परीक्षेच्या कृतिपत्रिकेत याला जागा कमी आणि कथेत मात्र सगळं यावर तोललेलं. ही कथा तृतीयपुरुषी आहे. निवेदक भीमाच्या अगदी शेजारी उभा आहे, पण त्याच्या बाजूनं वकिली करत नाही आणि त्याला दोषही देत नाही. समजा ती भीमाच्या बायकोनं सांगितली असती. मग नवरा रात्री बाहेर पडल्यावरची काळजी, लोकनिंदेची भीती, घरात आलेल्या पैशाची लाज, हे पुढं आलं असतं. चांगली कथा झाली असती, पण स्मशानातली झुंज ऐकीव राहिली असती. समजा मुलीनं मोठेपणी आठवण म्हणून सांगितली असती, तर धार जाऊन हळवेपणा आला असता. समजा ज्या घरचं माणूस पुरलं होतं त्या घरानं सांगितली असती, तर भीमा फक्त एक अमंगळ चोर झाला असता. तिन्ही निवेदनं खरीच असती. लेखकानं निवडलं ते चौथं.

याच्या उलट उदाहरण हवं असेल तर आटपाडीकडं चला. माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर. त्यांची 'माणदेशी माणसं' 1949 साली पुस्तकरूपानं आली. तिथं सांगणारा 'मी' आहे, गावचाच, गावाला ओळखणारा. दुष्काळी मुलखातली माणसं तो जवळून पाहतो आणि कमी शब्दांत सांगतो. तिथं हा 'मी' काढला तर माणसांतला ओलावा जाईल. इथं भीमाच्या कथेत 'मी' घातला तर तिची कठोर निश्चलता जाईल. म्हणून प्रथमपुरुषी चांगलं की तृतीयपुरुषी, हा प्रश्न निरर्थक आहे. या कथेला काय मानवतं, एवढंच बघायचं.

संघर्षाबद्दल थोडकंच. 'माणूस विरुद्ध कोल्हे' असं उत्तर दिलं जातं. पण कोल्हे कशासाठी आलेत? पोटासाठी. भीमा कशासाठी आलाय? तोही पोटासाठी. एकाच खड्ड्यावर दोन भुकेले. ते एकमेकांचे खरे वैरी नाहीत. खरा प्रतिपक्ष त्या रात्री स्मशानात हजरच नाही, तो बंद खाणीत आहे. इतकं लक्षात आलं तरी उत्तर वेगळं होतं.

शेवटाबद्दल मात्र वाद आहे आणि तो वर्गात जरूर व्हावा. ज्या दिवशी बोटं तुटतात त्याच दिवशी खाण सुरू होण्याची बातमी यावी, हा योगायोग नाही का? लेखकानं मुद्दाम जुळवून आणलेला? काही हुशार मुली हा आक्षेप घेतात आणि त्यांचं मला कौतुक वाटतं. माझं मत असं : योगायोगानं नायकाची सुटका केली तर ती पळवाट, पण योगायोगानं त्याला आणखी अडकवलं तर वाचक तो मान्य करतो, कारण आयुष्यात असं होतं हे त्याला ठाऊक असतं. शिवाय खाण बंद पडली तेव्हाही भीमाला कुणी विचारलं नव्हतं. आता ती सुरू होतानाही कुणी विचारलेलं नाही. काम देणं आणि काढून घेणं दोन्ही त्याच्या हाताबाहेरचं. बातमी महिन्यानं आली असती तर हा सांधा निखळला असता. तरीही सांगतो, अशा धक्कादायक शेवटाची नक्कल फार झाली आहे. कथास्पर्धांना येणाऱ्या कथांत शेवटच्या परिच्छेदात एक अपघात किंवा एक पत्र हमखास असतं. तो धक्का आधीच्या पानांतून आलेला नसतो, वरून टाकलेला असतो. भीमाची बोटं मात्र पहिल्या पानापासून कामाला लागलेली असतात.

राहिली भाषा, आणि रेडिओवरून बोलताना ती शेवटी घ्यावी असंच मला वाटत होतं. अण्णा भाऊ शाहीर होते. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकात त्यांनी डफावर थाप टाकली. हजारोंच्या समोर उभं राहून गायची सवय ज्याला आहे, त्याचं गद्य कानाला धरून चालतं. सांगलीतच 1898 साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांचं गद्य घ्या. त्यात उपमा-अलंकारांची श्रीमंती आहे, चिंतन आहे, वाक्यं निवांत वळणं घेत जातात. त्यातून मन उलगडतं. अण्णा भाऊंच्या झुंजीच्या प्रसंगात तेवढी उसंत नाही. तिथं क्रियापदं धावतात. दोघांचे गावही एकाच जिल्ह्यातले आणि मराठी एकच, पण लय अगदी निराळी. म्हणून भाषाशैली ओघवती आहे, प्रभावी आहे, असली विशेषणं उत्तरात लिहू नका. त्याऐवजी एक परिच्छेद उतरवून काढा आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करा.

आज रात्री ही कथा मिळवा. गावच्या वाचनालयात अण्णा भाऊंची पुस्तकं सहसा असतातच. घरातल्या कुणाला तरी समोर बसवून स्मशानातला प्रसंग मोठ्यानं वाचा. श्वास कुठं घ्यावासा वाटतो आणि लेखक कुठं घेऊ देत नाही, तिथं पेन्सिलीनं खूण करा. मग तेच पान घरातल्या दुसऱ्याला वाचायला द्या, त्यालाही खुणा करू द्या. दोघांच्या खुणा जिथं वेगळ्या पडतील, तिथून बोलायला सुरुवात करा.

नमस्कार.