वीस मिनिटं नळी हलवायची नाही

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा लागला की कोकणातल्या दवाखान्यांत साप चावलेली माणसं येऊ लागतात. कुणी लावणीच्या चिखलातून आलेला, कुणी गवत कापता कापता. त्यातला साप फुरसं असलं, तर त्याचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच घालवतं. तसं झालंय का, हे ओळखायला मोठं यंत्र लागत नाही. काचेची नळी, दोन मिली रक्त आणि घड्याळ. रक्त नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं, तर विष रक्तात भिनलंय आणि प्रतिसर्पविषाची सलाईन लावायला हवी.

मी नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. ही चाचणी त्यांना तोंडपाठ असते, परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. पण नळी हातात दिली की गंमत सुरू होते. एकजण जवळ पडलेली प्लास्टिकची नळी उचलतो. काचेचा पृष्ठभाग रक्ताला गोठायला उद्युक्त करतो, प्लास्टिक तसं करत नाही. दुसरी काचेचीच नळी घेते, पण साबणाने घासून ठेवलेली, आणि साबणाचा अंश राहिला तरी तोच घोटाळा. तिसऱ्याला धीर नसतो, दर दोन मिनिटांनी नळी उचलून बघतो. तिन्ही वेळा चांगलं रक्तही न गोठलेलं दिसू शकतं, आणि मग गरज नसताना प्रतिसर्पविष दिलं जातं. ते घोड्याच्या रक्तापासून तयार होतं. त्याची रिअॅक्शन आली तर रुग्णाचा रक्तदाब झपकन खाली येतो, श्वास कोंडतो. म्हणजे नळी चुकली, तर जिवाशी खेळ.

मग शिकवायचं कसं? ब्रिटनमधले सर्जन रॉडनी पेटन यांनी १९९८ साली चार पायऱ्यांची एक पद्धत मांडली. आधी शिक्षकाने काम नेहमीच्या वेगाने, काही न बोलता करून दाखवायचं. मग तेच सावकाश, प्रत्येक गोष्ट का करतो ते सांगत. तिसऱ्या पायरीला विद्यार्थ्याने बोलायचं आणि शिक्षकाने फक्त तो सांगेल तेवढंच करायचं. शेवटी विद्यार्थ्याने स्वतः, बोलत बोलत.

माझा जीव तिसऱ्या पायरीत आहे. घाई असली की बहुतेक शिक्षक नेमकी हीच गाळतात. मुलगी म्हणते, "मॅडम, रक्त नळीत घाला." मी घालते. "आता थांबा." मी थांबते. थोड्या वेळाने ती विचारते, "किती मिनिटं झाली?" मी म्हणते, "वेळ लिहून ठेवायला तू सांगितलंसच नाहीस." वर्ग हसतो, ती ओशाळते, आणि पुढच्या वेळी नळी हातात घेण्याआधी तिची नजर घड्याळाकडे जाते. माझ्या व्याख्यानाने हे कधीच झालं नसतं.

रक्त काढणं आधी रबरी हातावर शिकवतात. एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने असा सराव करायचा कौशल्यकक्ष बंधनकारक केला, हे फार चांगलं झालं. काही ठिकाणी मात्र तिथले पुतळे खराब होतील म्हणून प्लास्टिकच्या पिशवीतच असतात. अहो, खराब होण्यासाठीच आणलेत ते! आणखी एक मला खटकतं. डॉक्टर होणारी मुलं एका खोलीत शिकतात, नर्सिंगची दुसऱ्या. रात्री दोन वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात तोच डॉक्टर आणि तीच सिस्टर एका खाटेपाशी उभे राहणार असतात. नळी कुणी भरायची, वेळ कुणी बघायची, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ठरवायचं का?

रबरी हाताची शीर जागची हलत नाही. आमच्या मालवणच्या आजीची हलते. कातडी सैल, सुई टेकली की शीर बाजूला सरकते. तिथे अंगठ्याने कातडी खाली ओढून धरावी लागते, आणि दंडाला बांधलेला पट्टा मिनिटभरापेक्षा जास्त ठेवायचा नसतो. आजी विचारते, "सुई टोचूक येता मा गो तुका?" यावर "हो हो" म्हणायला मी मुलींना मनाई केली आहे. "आजी, मी शिकतेय, मॅडम माझ्या बाजूला उभ्या आहेत. चालेल ना?" असं विचारायचं. तेही शिकवावं लागतं, आणि ते रबरी हातावर शिकवता येत नाही.

तेव्हा तुमच्या खाटेपाशी शिकणारी मुलगी आली, तर आजीसारखा प्रश्न जरूर विचारा. बाजूला शिक्षिका नसेल तर तिला बोलवायला सांगा. नको वाटलं तर नको म्हणा, तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही. हो म्हणालात, तर दुखल्यावर गप्प बसू नका, कुठे दुखलं ते तिला तिथेच सांगा.

आणि पावसाचे दिवस आहेत म्हणून जाता जाता: साप चावला तर घट्ट आवळपट्टी नको, ब्लेडने चीर नको, विष चोखणं नको. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात आणा, १०८ ला फोन करा, आणि किती वाजता चावला ते सांगा. नमस्कार.