ओळखीचा माणूस, परगावचं काम

श्रोतेहो, नमस्कार.

मानवी तस्करी म्हटलं की तोंड दाबून गाडीत कोंबलेली मुलगी डोळ्यांपुढे येते. पण पुष्कळदा घरचेच स्टेशनवर पोचवायला येतात, कारण नेणारा नात्यातला नाहीतर शेजारचा असतो. कामाचं आमिष दाखवून, फसवून माणसाला शोषणासाठी नेणं म्हणजे तस्करी. ‘पण ती राजीखुशीनं गेली ना?’ असं विचारणारे भेटतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये साफ लिहिलंय, पीडिताची संमती इथे गैरलागू आहे. एका बालकाच्या तस्करीलाही किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे.

हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मार्ग आपल्या नागपुरातून जातात, तेव्हा फलाटावर डोळे उघडे ठेवा. पाच-सहा पोरं, सोबत एकच मोठा माणूस, सगळ्यांची तिकिटं आणि आधार कार्डं त्याच्याकडे. ‘कुठे चाललात रे?’ विचारलं की पोरं आधी त्याच्या तोंडाकडे बघतात. एवढ्यानं गुन्हा सिद्ध होत नाही, आणि ते आपलं कामही नाही. त्याला हटकू नका. सावध झाला तर मधल्याच स्टेशनवर मुलांना घेऊन उतरेल. गुपचूप रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर सांगा: गाडी क्रमांक, डबा, बर्थ, मुलं किती, कपड्यांचे रंग, पुढचं स्टेशन. गाडीबाहेर मुलांसाठी १०९८, पोलिसांसाठी ११२. मुलांचे फोटो मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. सुटका झालेल्या मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांच्या संरक्षणाचा निर्णय घेणाऱ्या समितीपुढे, हजर करावं लागतं.

दुसरा सापळा उचलीचा. मुकादम हंगामाआधी रोख रक्कम हातावर ठेवतो. मग वीटभट्टीवर किराणा, औषध, गाडीभाडं सगळं त्याच्याच वहीत चढत जातं. हंगाम संपतो, उचल फिटत नाही, आणि ‘फिटल्याशिवाय जायचं नाही’ असं बजावलं जातं. ही वेठबिगारी आहे. १९७६च्या कायद्यानं असं कर्ज रद्दच ठरतं, एक रुपयाही देणं लागत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. वहीच्या पानाचा फोटो मिळाला तर मोठा पुरावा होतो.

घरातलं कोणी परगावी कामाला निघालं असेल तर नेणाऱ्याचं ओळखपत्र आणि कामाचा पत्ता घरी ठेवून घ्या. मूळ कागद कुणाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. एक खूणवाक्य ठरवा. फोनवर ‘आजीचे गुडघे कसे आहेत?’ असं विचारलं, की समजायचं, मोकळेपणानं बोलता येत नाहीये.

आणि मूल हरवलं तर ‘उद्यापर्यंत वाट बघा’ हे कुणाचंही ऐकू नका. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, हरवलेल्या मुलाची तक्रार एफआयआर म्हणूनच नोंदवायची, अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी झिरो एफआयआर होतो. अलीकडचा फोटो, उंची, अंगावरचे कपडे आणि शेवटचा फोन कोणत्या नंबरवरून आला, एवढं घेऊन रात्री दोन वाजले असले तरी जवळचं ठाणं गाठा.