बाळाच्या हृदयाचा सीटी स्कॅन कशासाठी?

श्रोतेहो, नमस्कार.

जन्मतः हृदयदोष असलेली बाळं साधारण शंभरात एक असतात. अशा बाळाची पहिली तपासणी इकोचीच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची. ती खाटेशेजारी होते, त्यात क्ष-किरण नसतात आणि झडपा कशा हलतात, रक्त कुठून कुठे वाहतं, ते तिथल्या तिथे दिसतं. मग इको झाल्यावरही डॉक्टर क्ष-किरणांनी होणारा सीटी स्कॅन का सांगतात?

इकोच्या ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत आणि फुप्फुसं तर हवेनंच भरलेली. त्यामुळे हृदयातून निघून फुप्फुसांआड गेलेली रक्तवाहिनी इकोत पुरती सापडत नाही. महाधमनी कुठे आवळली आहे का? फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा भलतीकडेच उघडतात का? एखादी वाहिनी श्वासनलिकेला वेढा घालून ती दाबते आहे का? ही उत्तरं सीटीत स्वच्छ मिळतात. फॅलोची टेट्रालॉजी नावाच्या जन्मजात हृदयदोषात कधीकधी हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी नेमकी चीर द्यायच्या जागेवरून आडवी जाते. हे सर्जनला छाती उघडण्याआधी कळलेलं किती बरं!

नवजात बाळाचं हृदय मिनिटाला 120 ते 160 वेळा धडधडतं. तरी आताची वेगवान यंत्रं सेकंदाच्या आत अख्ख्या छातीचं चित्र टिपतात. रक्तवाहिन्या चित्रात उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात, ते हृदयात पोचल्याचा क्षण साधतात. दुपट्यात गुंडाळून झोपवलेल्या तान्ह्या बाळाला पुष्कळदा भूल लागतच नाही. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, पण वेळ बराच लागतो आणि लहान मुलांना बहुधा झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते.

किरणोत्सर्गाची काळजी आईवडिलांना वाटते, आणि ती रास्तच आहे. मुलांच्या वाढत्या पेशींवर त्याचा परिणाम मोठ्यांपेक्षा जास्त होऊ शकतो. म्हणून किरणांची मात्रा बाळाच्या वजनानुसार कमी ठेवतात. तुम्ही मात्र डॉक्टरांना बेधडक विचारा, "या स्कॅनमुळे उपचारात काय ठरणार आहे?" उत्तर नेमकं मिळालं, तर निव्वळ भीतीपोटी स्कॅन टाळू नका. शस्त्रक्रिया चुकीच्या अंदाजावर होणं त्याहून धोक्याचं.

बाळाच्या मूत्रपिंडाचा काही त्रास असेल किंवा आधी त्या आयोडीनयुक्त औषधाची ॲलर्जी आली असेल, तर ते आवर्जून सांगा. दूध कधी पाजायचं, कधी थांबायचं, हेही आधी विचारून घ्या. आणि जुने कागद, जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या. कधीकधी तेवढ्यावर भागतं आणि नवा स्कॅन करावाच लागत नाही.