डब्याच्या आतली कल्हई

हा अननसाचा डबा मी तासाभरापूर्वी फोडला, फोडी काचेच्या भांड्यात काढल्या आणि डबा धुऊन इथे आणला. पुढच्या रांगेपासून फिरवा, आत डोकावून बघा. काठाजवळ पत्रा चकचकीत आहे. रस जिथवर होता तिथून खाली मात्र करडा आणि मळकट. उजेडात तिरका धरलात तर पिसांसारखी नक्षीही दिसेल. हा डबा खराब आहे असं कोणाला वाटतं? बरेच हात वर आले. मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

डबा मुळात पोलादाचा. त्यावर कथलाचा थर असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ. कल्हईच म्हणा ना. फळातलं आम्ल हा थर हळूहळू खातं, आणि ती नक्षी म्हणजे उघडे पडलेले कथलाचे स्फटिक. गंमत अशी, की बंद डब्यात आम्लाच्या तोंडी आधी कथील जातं आणि लोखंड वाचतं. बाहेरच्या हवेत उलटं होतं: कल्हईवर ओरखडा पडला की आधी लोखंडच गंजतं. शिवाय विरघळणारं कथील डब्यात उरलेला प्राणवायू संपवतं, म्हणून अननस, पीच, पेअर यांचा फिका रंग टिकतो. या फळांचे डबे आतून मुद्दाम कोरे ठेवतात ते याचसाठी. चेरी, स्ट्रॉबेरी यांचा लाल रंग मात्र कथलाने निळसर पडतो. त्यांना लॅकरचं, म्हणजे एक प्रकारच्या रोगणाचं, अस्तर लागतं. मक्याच्या किंवा माशांच्या डब्यातले जांभळे-काळे डाग वेगळे. ते प्रथिनांतल्या गंधकाचे, दिसायला वाईट, पण निरुपद्रवी.

मग कथील पोटात गेलं तर? थोडं जातंच. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची कमाल मर्यादा डबाबंद अन्नासाठी किलोला 250 मिलिग्रॅम आहे, पेयांसाठी 150. त्याहून बरंच जास्त गेलं तर मळमळतं, उलट्या होतात, पोट बिघडतं. तिथवर मजल जाऊ नये म्हणून एक सवय पुरते. डबा फोडला की हवा आत शिरते आणि कथील भराभर विरघळू लागतं, तेव्हा उरलेलं फळ डब्यासकट फ्रिजमध्ये ठेवू नका. मी फोडी आधी काढल्या त्या उगाच नाही.

खरी भीती आतल्या रंगापेक्षा बाहेरच्या आकाराची. झाकण फुगलंय, सांध्यातून रस झिरपलाय, सांध्यावरच पोचा आलाय, असा डबा घेऊच नका. फुगवटा कधी आम्ल आणि धातूच्या झटापटीतून सुटलेल्या हायड्रोजनचा असतो, कधी जंतूंच्या वायूचा. बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या खाली वाढत नाही, आणि बहुतेक डबाबंद फळं त्याहून आंबट असतात, हे खरं. पण आत कोणता वायू आहे ते बाहेरून कळत नाही, आणि चव घेऊन तर मुळीच पाहायचं नाही. न उघडता टाकून द्या.